हनुवटीचं पाणी

"हे बघायला आणलंस मला?" मी विचारलं.

वृषालीने छत्री माझ्या डोक्यावर धरली होती आणि स्वतः भिजत होती. समोर नॉर्वेतल्या बर्गन गावचा जुना धक्का होता. त्याच्यामागे लाल, पिवळ्या, पांढऱ्या लाकडी घरांची रांग, आणि धक्क्यावर चढून आलेलं समुद्राचं पाणी. पाणी घोट्याएवढं होतं. लोक गमबूट घालून त्यात उभे राहून फोटो काढत होते. एक टीव्हीवाला त्यातल्या त्यात खोल जागा शोधत फिरत होता.

"हसू नका बाबा," वृषाली म्हणाली. "वादळ आणि मोठी भरती एकत्र आली की असं होतं. ही घरं तीनशे वर्षांची आहेत, आणि समुद्र चढतोय. हे शतक संपेपर्यंत हेच पाणी..."

"गुडघ्याला लागेल?"

"त्याच्याही वर जाईल."

"बरं," मी म्हटलं. "मग बोलव मला तेव्हा."

माझी मुलगी त्या गावात समुद्र मोजायचं काम करते. पाणी किती वाढलं, किती वाढणार, त्याचा हिशेब. ह्या कामाला पगार मिळतो हे तिच्या आईला शेवटपर्यंत खरं वाटलं नाही. "आपण इतकी वर्षं फुकटच मोजत होतो की," असं कुंदा म्हणायची.

आमचं घर चिपळूणच्या बाजारपेठेत. पुढे पिठाची गिरणी, मागे दोन खोल्या, वर माळा. नदी चढली की नगरपालिकेचा भोंगा वाजायचा. भोंगा वाजला की कुंदा पहिल्यांदा माझ्यावर ओरडायची, "मोटर वर घ्या!" गिरणीच्या वाशाला चेनपुली टांगलेली होती. मी साखळी ओढायचो, मोटर छताला जाऊन लटकायची, आणि मग तांदूळ, कागदपत्रं, देव ह्या क्रमाने बाकीचं माळ्यावर जायचं. देव शेवटी का, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "त्यांना पोहता येतं."

धक्क्यावरच्या एका दुकानदाराने दारातली वाळूची पोती उचलायला सुरुवात केली. पाणी उतरायला लागलं होतं.

"त्याला सांग, इतक्यात नको," मी म्हटलं.

"बाबा, इथे भरतीचं वेळापत्रक असतं. मिनिटासकट."

"असू दे. तुझी आई काय म्हणायची? पाणी ओसरलं म्हणून मोटर लगेच खाली घ्यायची नाही."

"पाणी वळून बघतं," वृषालीने वाक्य पुरं केलं. दुकानदाराला मात्र तिने काही सांगितलं नाही. त्या दिवशी पाणी वेळापत्रकाप्रमाणे उतरलं आणि परत आलं नाही. मला ते फारसं आवडलं नाही.

ही गोष्ट दोन हजार अकराच्या ऑक्टोबरातली. कुंदा जाऊन दहा महिने झाले होते. मी पहिल्यांदाच परदेशात गेलो होतो, आणि परतीचं तिकीट बारा दिवसांवर आलं होतं.

धक्क्याजवळच्या हॉटेलात कॉफी घेताना वृषालीने विषय काढला. "उद्या एक घर बघायला जायचंय. सांडविकेनला, पाण्याजवळ. एका म्हाताऱ्या बाईंचं आहे. त्यांच्याकडे आणखी एक गिऱ्हाईक येऊन गेलंय. आपल्याला रविवारपर्यंत सांगायचंय."

"घ्या की मग."

"तुम्ही बघा, हो म्हणा, मग घेऊ. आई असती तर तिला आणलं असतं." तिने कॉफीत चमचा फिरवला. साखर घातलेली नव्हती, तरी फिरवला. "खाली मागच्या बाजूला एक खोली आहे. स्वतंत्र. ती तुमच्यासाठी."

"मी बारा दिवसांनी जाणार आहे."

"ते तिकीट रद्द होतं बाबा."

"आणि गिरणी?"

"द्या कोणाला तरी चालवायला. त्या नदीकाठी एकट्याने राहायची गरज आहे का? इथे मी दिवसभर पाण्याचे आकडे बघते आणि घरी गेल्यावर चिपळूणचा पाऊस बघते. पुढच्या जूनमध्ये पुन्हा तेच करायचं नाहीये मला."

मी म्हटलं, "बघू."

"हे 'बघू' मला माहीत आहे," ती म्हणाली. "मला सायकल घेऊन देताना तुम्ही तीन वर्षं बघत होता."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं निघालो. तिसरा माझा जावई एस्पेन. उंच, शांत माणूस. माझ्याशी बोलायला त्याच्याकडे "बाबा", "चहा" आणि "बास" एवढे तीन शब्द होते, आणि ते तो नेमके योग्य वेळी वापरायचा. पाऊस पडतच होता. तिथला पाऊस आपल्यासारखा नाही. आपला पाऊस भांडायला आल्यासारखा येतो. तिथला भाडेकरूसारखा राहतो. रस्त्यावरच्या कचऱ्याच्या डब्यांत मोडक्या छत्र्या खोचलेल्या होत्या. त्यातली एक चांगली दुरुस्त होण्यासारखी होती, ती मी काढायला गेलो तर वृषालीने माझा हात धरला.

घर पांढरं, लाकडी, दुमजली होतं. समोर अरुंद फरसबंद रस्ता, मग दोन जुन्या होडीघरांची छपरं, आणि लगेच समुद्र. बोर्गहिल्डबाईंनी दार उघडलं. पंच्याऐंशीच्या आसपास वय, पांढरे आखूड केस, अंगात विणलेला स्वेटर. त्यांना मुलीजवळ राहायला दुसऱ्या गावी जायचं होतं. दलालाला त्यांनी बाहेर पाठवलं होतं आणि घर कोण घेणार ते स्वतः ठरवणार होत्या. त्यांनी आधी एस्पेनकडे पाहिलं, मग वृषालीकडे, मग माझ्याकडे. मग काहीतरी विचारलं.

"तुमच्याकडे पण खूप पाऊस पडतो का म्हणतायत," वृषाली म्हणाली.

"सांग, खूप. पण चारच महिने."

वृषालीने सांगितलं. बाई विचारात पडल्या.

"मग उरलेले आठ महिने तुम्ही काय करता, असं विचारतायत."

बूट दारात काढून आत गेलो. वृषाली आणि एस्पेन बाईंबरोबर वर गेले. मी खालीच राहिलो. घर बघायची माझी एक पद्धत आहे. आमच्या बाजारपेठेत कोणीही घर असंच बघतो. रंग, खिडक्या, हवा हे सगळं नंतर. आधी खाली वाकायचं. मी कपाटाचं तळाचं दार उघडून आत डोकं घातलं आणि वास घेतला. ओल नव्हती, सुक्या लाकडाचा वास होता. भिंतीच्या खालच्या फळ्या बोटाने वाजवल्या. टणक होत्या. जिन्याखाली पाहिलं, खिळे गंजले नव्हते. मागची खोली बघितली. पलंग, खिडकी, खिडकीतून एक सफरचंदाचं झाड. माझ्यासाठी म्हणून जी खोली होती ती हीच. खोलीत नाव ठेवायला काही नव्हतं. मी तिथून लगेच बाहेर आलो.

मग स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो आणि मला त्या दिसल्या.

दाराच्या चौकटीवर, पांढऱ्या रंगात, पेन्सिलीने मारलेल्या आडव्या रेघा. एक नाही, तीस-पस्तीस. प्रत्येक रेघेपुढे साल. सर्वात खालची माझ्या मांडीच्या वर, १९५७. त्याच्यावर चार बोटांवर १९५८. मग ५९, ६०, ६१. दर वर्षी वर, दर वर्षी वर. १९७३ ची माझ्या डोळ्यांपर्यंत आली होती. सालापुढे एकेक अक्षर होतं, ते मला त्यांच्या महिन्याचं वाटलं. त्याच्याही वर, माझ्या डोक्यावर वीतभर, आणखी सात-आठ रेघा होत्या. त्या उलट्या होत्या. १९९० सर्वात वर, मग एकेक केसभर खाली. सर्वात खालची २००६.

"वृषाली!" मी हाक मारली. "खाली ये! सापडलं!"

ती जिन्यावरून धावत आली. मागून एस्पेन, त्याच्यामागून कठडा धरत बाई.

"हे बघ," मी म्हटलं. "तुला वाटत होतं शतकाच्या शेवटी येईल. अगं, इथे कधीचंच येतंय! ही मांडी. ही कंबर. ही छाती. दर वर्षी चढत गेलंय. आणि वर बघ, डोक्यावरून गेलं होतं. मग कुठे थोडं थोडं उतरलंय. मला कपाटात वास आला नाही, कारण ह्यांनी फळ्या बदलल्या असणार. हे घर घ्यायचं नाही. सांग त्यांना, आम्हाला नको."

वृषालीने चौकटीकडे पाहिलं. तिचा चेहरा पडला. खरोखर पडला. इतकी शिकलेली, समुद्र मोजणारी मुलगी, पण तिने बोट लावून खालून वर रेघा मोजल्या आणि तिच्या तोंडातून निघालं, "अरे देवा." एक क्षणभर तिलाही पटलं होतं. मुलगी चिपळूणचीच ना.

मग तिने भिंतीवरच्या विजेच्या बटणाकडे पाहिलं. ते कमरेएवढ्या उंचीवर होतं. आमच्याकडे बटणं छताजवळ असतात, पाण्याच्या भीतीने. ती माझ्याकडे वळली आणि तिला हसू फुटलं. इतकं की ती उंबऱ्यावरच बसली.

"बाबा, ही मुलं आहेत! मुलांच्या उंच्या! वाढदिवसाला उभं करून मोजतात!"

एस्पेन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. बाईंनी विचारलं काय झालं. वृषालीने हसता हसता सांगितलं. बाई एकदा माझ्याकडे, एकदा चौकटीकडे बघत राहिल्या, आणि मग हसायला लागल्या. हसता हसता त्यांनी खुर्ची ओढून घेतली.

"त्या म्हणतायत, खरंय तुमचं. हे दोन पूर होते, जुळे. एक तुरिद, एक क्नुत. घराची नासधूस दोघांनी सारखीच केली."

"आणि वरच्या उतरत्या?" मी विचारलं. माझे कान तापले होते. "माणूस काय उलटा वाढतो?"

बाईंनी उत्तर दिलं तेव्हा त्या हसत होत्याच, पण हळू.

"त्यांचे मिस्टर. हारल्ड. त्यांना आपल्या उंचीचा फार अभिमान होता. मुलं घर सोडून गेल्यावर ह्या त्यांना उभं करायला लागल्या. साठीनंतर ते कमी व्हायला लागले. ते म्हणायचे, तू पेन्सिल वाकडी धरतेस. ह्या म्हणायच्या, हारल्ड, तू विरघळतोयस, पावसात फार फिरू नकोस." वृषाली थांबली. "दोन हजार सहाची शेवटची."

मी त्या वरच्या रेघांकडे बघत राहिलो. सोळा वर्षांत तो माणूस दोन बोटं उतरला होता.

बाईंनी मला काहीतरी विचारलं. वृषालीने ते लगेच सांगितलं नाही.

"काय म्हणाल्या?"

"काही नाही बाबा."

बाईंनी तिच्या हातावर टिचकी मारली. सांग, असा अर्थ मला नॉर्वेजियन न येताही कळला.

"त्या विचारतायत," वृषाली माझ्याकडे न बघता म्हणाली, "की तुम्ही हाक मारलीत तेव्हा खूश का होता? घरात पाणी सापडलं म्हणून आनंद झालेला माणूस त्यांनी पहिल्यांदा बघितला."

मी खिशात रुमाल शोधला. तो कोटाच्या खिशात होता आणि कोट दारात होता.

"सांग त्यांना," मी म्हटलं, "घर चांगलं आहे. मी सगळं बघितलं. कुठे खोट नाही. म्हणून तर..." मला नीट सांगता येईना. "खोट निघाली असती तर मला परत जायला कारण झालं असतं."

वृषालीने सांगितलं. बाई मान हलवत ऐकत होत्या.

"सांग, माझी चिपळूणला गिरणी आहे."

"ते सांगितलंय मी."

"सांग की ती बंद आहे. बायको गेली त्या महिन्यापासून."

वृषाली माझ्याकडे वळली. "बाबा, हे मी त्यांना सांगायचं की तुम्ही मला सांगताय?"

"तू त्यांना सांग."

"दर रविवारी फोन केला की मागे गिरणीचा आवाज येतो. तुम्ही म्हणता, गिऱ्हाईक आहे, थोडक्यात बोल."

"पट्टा काढून ठेवलाय. तुझा फोन वाजला की मोटर नुसती चालू करतो."

एस्पेनला शब्द कळत नव्हते, पण त्याने हळूच मला खुर्ची दिली. मी बसलो नाही. वृषालीने बाईंना ते सांगितलं. बाईंनी पुन्हा एक छोटा प्रश्न विचारला.

"मग तिथे दिवसभर काय करता?" वृषाली म्हणाली. आणि मग, "हे मीसुद्धा विचारतेय."

"शटर उघडतो. भिंत बघतो."

ती भिंत वृषालीला माहीत होती, पण माझ्या तोंडून तिने कधी ऐकली नव्हती. मी बाईंना सांगितली. गिरणीच्या दारामागची भिंत. पाणी ओसरलं की चिखल काढायच्या आधी कुंदा केसांतला आकडा काढायची आणि पाण्याच्या डागावर गिलाव्यात रेघ ओढायची. मग मला तिथे पाठ लावून उभं करायची. सालं तिच्या लक्षात राहत नसत, म्हणून ती पुरांना माझ्यावरून नावं द्यायची. गुडघ्याचं पाणी. बेंबीचं पाणी. हनुवटीचं पाणी. कोणी विचारलं वृषाली केव्हाची, तर सांगायची, बेंबीच्या पाण्यानंतर दोन वर्षांनी. दोन हजार पाच साली पाणी माझ्या डोक्यावरून गेलं. ती स्टुलावर चढली, रेघ ओढली, आणि खाली बघून म्हणाली, "हे काय हो, तुम्ही पुरला नाहीत यंदा."

"भिंतीत तीच नाही, मी पण आहे," मी म्हटलं. "मी इथे आलो तर तिथे पाठ कोण लावणार? एवढंच आहे. सांग त्यांना."

वृषालीने सगळं सांगितलं. तिला वेळ लागला. आकडा म्हणजे काय हे सांगताना तिने स्वतःच्या केसातली पिन काढून दाखवली.

बोर्गहिल्डबाई उठल्या. खण उघडून त्यांनी सुताराची चपटी पेन्सिल काढली आणि मला चौकटीजवळ बोलावलं. मी गेलो. त्यांनी माझे खांदे धरून मला चौकटीला टेकवलं, हनुवटी बोटाने खाली केली, पायाच्या टाचेला स्वतःच्या पायाने ढकललं. कुंदाही तशीच ढकलायची. मग पायाखाली एक छोटी चौकी घेऊन त्या चढल्या. डोक्यावर पेन्सिल टेकली, लाकडावर खरखर झाली. मी डोळे मिटले होते ते उघडले नाहीत.

"झालं," वृषाली म्हणाली. "त्या म्हणतायत, इथे नियम आहे. ज्याची रेघ मारली त्याने दर वर्षी येऊन मोजून घ्यायचं. राहायलाच पाहिजे असं नाही. पण यायला पाहिजे. आणि म्हणतायत, तुम्ही हारल्डपेक्षा खूपच बुटके आहात."

"सांग, मला पुराला पुरायचं असतं, हारल्डला नाही."

बाई चौकी धरून पुन्हा हसल्या. मग वृषालीला गंभीरपणे काहीतरी म्हणाल्या. घर आम्हालाच मिळणार होतं. दुसऱ्या गिऱ्हाइकाने आल्या आल्या विचारलं होतं की ही चौकट बदलता येईल का.

परत येताना वृषालीने छत्री पुन्हा माझ्याच डोक्यावर धरली. मग म्हणाली, "गिरणीला पट्टा लावा. खोटं बोलायचं तर निदान गहू तरी दळा."

"बरं."

"आणि मेमध्ये मी येते. माझी रेघ नाही त्या भिंतीवर."

"तू पाणी आहेस का?"

"तुम्हीच इथे मुलांना पूर समजलात ना," ती म्हणाली. "आता मोजा."

तिकिटाच्या दिवशी मी परत आलो. पट्टा लावला. मेमध्ये ती आली, कुंदाच्याच आकड्याने मी तिची रेघ ओढली, हनुवटीच्या पाण्याच्या जरा वर. आणि दर ऑक्टोबरला, मध्ये करोनाचं एक वर्ष सोडलं तर, मी सांडविकेनच्या त्या मागच्या खोलीत महिनाभर राहून आलो. लोक हसायचे. आपला पाऊस संपला की हा दुसरा पाऊस गाठायला जातो म्हणायचे.

दोन हजार एकवीसला चिपळूणला जे पाणी आलं ते सगळ्यांना माहीत आहे. मी शेजारच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होतो. मोटर छताला टांगली होती, ती पाण्यात गेली. पाणी गेल्यावर शटर उघडलं तर दारामागचा गिलावा सुटून खाली चिखलात पडलेला होता. पुरती भिंत. मागे नुसता चिरा. मी वृषालीला फोन केला आणि तिने विचारलं, मागे आवाज कसला? मी म्हटलं, पंप लावलाय. त्या वेळी खरंच लावला होता.

बोर्गहिल्डबाई त्याच्या आदल्या वर्षी गेल्या. त्यांची मुलगी वृषालीकडे पत्र घेऊन आली होती, त्यात ती चपटी पेन्सिल होती.

आता ती पेन्सिल वृषालीकडे असते. ह्या ऑक्टोबरला तिने मला चौकटीला उभं केलं, टाच ढकलली, रेघ मारली. मी वळून पाहिलं. नवी रेघ पहिल्या रेघेच्या खाली होती. चांगली बोटभर.

"पेन्सिल वाकडी धरलीस," मी म्हटलं.

"नाही बाबा," ती म्हणाली, आणि अगदी आईसारखं तोंड करून माझ्याकडे बघितलं. "पाणी ओसरायला लागलं."

"ओसरू दे," मी म्हटलं. "मोटर इतक्यात खाली घेऊ नकोस."